सरासरीत बुडालेला तालुका

२०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात तेव्हाच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचा निर्देशांक ०.७२७ निघाला. राज्याचा ०.७५२ होता. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत औरंगाबादचा आकडा सर्वांत वरचा, तर हिंगोलीचा ०.६४८ म्हणजे सर्वांत खालचा. पण त्या ०.७२७ मध्ये किती वेगवेगळे मुलूख एकत्र कोंबले आहेत, हे नुसता नकाशा पाहिला तरी कळते. १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती वाढत गेलेले वाळूज गंगापूर तालुक्यात आहे. जायकवाडीचे धरण पैठण तालुक्यात आहे. वेरूळची लेणी, औरंगजेबाची कबर, भद्रा मारुती आणि म्हैसमाळचा डोंगर खुलताबाद या लहानशा तालुक्यात आहेत. जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट आणि म्हैसमाळचा माथा हजार मीटरच्या वर, त्यामुळे धरणाचे कालवे खाली जालना-परभणीकडे वाहतात, खुलताबादकडे चढत नाहीत. जिल्ह्याच्या आकडेवारीत मात्र कारखाना, धरण आणि डोंगर या तिघांची बेरीज होऊन भागाकार होतो. मराठवाड्याच्या मागासलेपणावर गेल्या सत्तर वर्षांत जे अर्थशास्त्रीय लिखाण झाले, त्यातले बहुतेक या भागाकारावर उभे आहे. त्या लिखाणाचा आढावा घेताना माझे म्हणणे इतकेच आहे की, मागासलेपण मोजण्याची आपली पद्धत हक्क मागण्यासाठी घडली आणि ती त्या कामी आलीही. पण पुढे तिलाच कारणमीमांसा समजण्यात आले. तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचे संशोधनही तिच्यामागे फरफटत गेले.

हक्काची ही भाषा कुठून आली, ते आधी पाहू. हैदराबाद संस्थानातून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेला मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तो कोणत्याही अटी न घालता. तरीही २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातली न्याय्य वाट्याची आश्वासने त्यालाही लागू होती आणि घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये त्यांचा माग सापडतो. आश्वासन पाळले की नाही हे ठरवायचे तर मोजायला हवे. ते मोजमाप वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने केले. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. तिची रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्याखाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला किती पैसे लागतील ते लिहायचे. हा झाला अनुशेष. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांचा होता. पिकांच्या पाण्याची गरज वेगवेगळी असल्याने सिंचनासाठी रब्बी ज्वारी समतुल्य क्षेत्राचे माप धरले गेले. मोजमापाची इतकी काळजी सरकारी कागदात क्वचितच दिसते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. पाठोपाठ निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ चा एकूण अनुशेष सुमारे १४,००० कोटींवर नेला. २०११ मध्ये विजय केळकर समिती नेमली गेली आणि तिचा २०१३ चा अहवाल पुढच्या वर्षी विधिमंडळात मांडला गेला. ३० एप्रिल २०२० ला विकास मंडळांची मुदत संपली. गोविंदभाई श्रॉफांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेपासून आर. पी. कुरुलकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांच्या लेखनापर्यंत मराठवाड्याची बाजू मांडणाऱ्या सगळ्यांना या भाषेने बळ दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण अनुशेष हा एक हिशेब आहे. अमुक जिल्ह्यात रस्ता कमी आहे हे त्यातून कळते. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न का वाढत नाही, रस्ता झाल्यावर त्याला काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे त्यातून कळत नाही. मोजायचे एकक जिल्हा आणि मोजायची वस्तू सरकारी खर्चातून उभी राहणारी मालमत्ता असल्यामुळे माणूस आणि त्याचे घर या हिशेबात येतच नाहीत. गंमत अशी की हा हिशेब मांडणाऱ्या दांडेकरांनीच बारा-तेरा वर्षे आधी याच्या अगदी उलट दिशेने काम केले होते. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासात रोज २,२५० उष्मांकांचे अन्न परवडायला किती खर्च लागतो हे पाहून १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा आखली होती. तिथे एकक माणूस होता, त्याचे पोट होते. रोजगाराची हमी हाच दारिद्र्यावरचा उपाय, हा त्या अभ्यासाचा निष्कर्षही माणसापासून निघाला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उतरली, तेव्हा त्या विचाराला कायद्याच्या दिशेने वाट मिळाली. एकाच अभ्यासकाच्या हातून झालेली ही दोन कामे शेजारी ठेवली की विकासाच्या अर्थशास्त्राचे दोन स्वभाव दिसतात. आपल्याकडच्या महाविद्यालयीन संशोधनाने अनुशेषाचे काम उचलले आणि दारिद्र्याचे पाठ्यपुस्तकात ठेवून दिले.

त्याआधीची परंपरा तर आणखी बारकाईची होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखवले की, १७७१ मध्ये तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती आणि १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. एक गाव, एक कोष्टक, दीडशे वर्षांची घसरण. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झालेल्या भीमराव आंबेडकरांनी लहान जमीनधारणेवरचा निबंध लिहिला. तुकडे जोडा, शेते मोठी करा म्हणजे प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की शेताचा आकार एकट्याने काहीच सांगत नाही. औजारे, बैल, भांडवल आणि माणसे यांच्या प्रमाणात तो पाहावा लागतो. शेतीवर जास्तीची माणसे अडकून पडली आहेत आणि त्यांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय धारणा मोठी होणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. शेतीतल्या अतिरिक्त श्रमाच्या सिद्धान्ताबद्दल आर्थर लुइस यांचे नाव घेतले जाते, त्यांचा गाजलेला लेख १९५४ चा आहे. एका तरुण प्राध्यापकाचा छत्तीस वर्षे आधीचा निबंध आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात अजूनही जयंतीच्या भाषणापुरताच येतो, हे बरे नव्हे.

धनंजयराव गाडगीळ हे त्या परंपरेचे दुसरे मोठे नाव. १९३० मध्ये सुरू झालेल्या गोखले संस्थेचे ते पहिले संचालक. १९४० मध्ये संस्थेने वाई तालुक्यातल्या शेती व्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली. तालुका हे संशोधनाचे एकक म्हणून तेव्हा कोणाला कमीपणाचे वाटले नाही. १९५७ मध्ये दांडेकर आणि म. भा. जगताप यांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हे पुस्तक आले, तेही मराठीत. त्याच सुमारास संस्थेने मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी गावोगाव जाऊन केली. कायदा झाला म्हणजे जमीन कुळाची झाली, असे गृहीत न धरता कागदावरची नोंद आणि शेतातला ताबा ताडून पाहायचा, हा त्या संशोधनाचा बाणा होता. ही सगळी पाहणी मुख्यतः मुंबई इलाख्यातली, हेही लक्षात ठेवायला हवे. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याला अशी संस्था मिळाली नाही आणि विद्यापीठ मिळायला २३ ऑगस्ट १९५८ उजाडावे लागले.

नंतर जगाचे विकासाचे अर्थशास्त्र गावात उतरले, तेही मराठी गावांत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू मुलखातल्या सहा गावांत मुक्कामी अन्वेषक ठेवून घरोघरचे उत्पन्न, खर्च, उधारी, मजुरी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यातली चार गावे महाराष्ट्रातली होती : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. या नोंदींवर रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये एक लेख लिहिला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले, आता तेलंगणातले औरेपल्ली आणि आपली शिरापूर, कानझरा ही गावे त्यांनी घेतली आणि विचारले की, एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तर त्याचे खाणेपिणेही त्याच प्रमाणात बुडते का? उत्तर आले की घरचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलतो. गाव, भाऊबंद, सावकार, उधारी यांतून जोखीम वाटली जाते. मात्र हे वाटप पूर्ण नाही आणि तिघांपैकी एका गावात भूमिहीन माणूस शेजाऱ्यापेक्षा उघडा पडतो. जगभरच्या विद्यापीठांत हा लेख शिकवला जातो. शिरापूरचे नाव तिथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, मोहोळ तालुक्याबाहेरच्या मराठी विद्यार्थ्याला बहुधा नसते.

असाच दुसरा अभ्यास आपल्या अभिमानाच्या जागीच हात घालतो. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या कारखान्याच्या उभारणीत गाडगीळ सोबत होते, म्हणून सहकारी साखर कारखाना हे अर्थशास्त्रज्ञाने रचलेल्या विकासाचे उदाहरण मानले जाते. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या शंभरेक कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ च्या आकड्यांवरून दाखवले की, सभासदांतली जमिनीची विषमता आणि उसाचा भाव यांचा संबंध आहे. सगळ्यांना टनामागे सारखाच भाव द्यायचा असल्यामुळे मोठ्या बागायतदाराला लहान सभासदाकडून उघड काही काढून घेता येत नाही. पण भावच थोडा खाली ठेवला तर मागे उरलेली शिल्लक ज्याच्या हाती कारखाना त्याच्या मर्जीने खर्च होते. शिक्षणसंस्था, देवळे, दवाखाने त्यातूनच उभे राहतात. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँस्वा आणि अशोक कोतवाल यांचा २०१५ चा अभ्यासही ग्रामीण महाराष्ट्राचाच. निवडणुका मोकळ्या होऊनही जिथे जमीन मराठा जमीनदारांच्या हाती एकवटली आहे तिथे गरिबांसाठीच्या योजना कमी पोहोचतात, आणि तरीही तिथले गरीब अडीनडीला मदत मिळते म्हणून त्याच घरांना मत देतात, असे त्यांना आढळले. रोजगार हमी गावात नीट चालली तर मजुरीचा दर वाढतो; जमीनदारांची अडचण इथेच आहे. अनुशेषाच्या कोणत्याही कोष्टकात ही गोष्ट मावत नाही. अनुशेषाचे गृहीतक असे की निधी आला नाही म्हणून विकास झाला नाही. हे अभ्यास सांगतात की निधी येतो आणि कुठे मुरतो, हे गावातली जमीन आणि जात ठरवते.

छत्रपती संभाजीनगरच्या शिक्षकांना हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. १९५० मध्ये आंबेडकरांनी इथे मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. तिथे शिकलेले आणि मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. झालेले सुखदेव थोरात १९७३ ते १९८० या काळात शहरातल्याच वसंतराव नाईक महाविद्यालयात अधिव्याख्याते होते. पुढे ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. पॉल ॲटवेल यांच्यासह त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. बाजार आडनाव पाहत नाही, या पाठ्यपुस्तकी समजुतीची ही साधी आणि निर्णायक तपासणी होती. एका अधिव्याख्यात्याची शैक्षणिक पार्श्वभूमी त्याच्या संशोधनात कशी उतरते याचे हे उदाहरण मला बोलके वाटते. मराठवाड्यात शिकलेल्या माणसाला जो प्रश्न आधी दिसला, तो दिल्लीत मोजायची सोय झाली. पण त्यासाठी दिल्ली गाठावी लागली, हीही त्याच उदाहरणाची दुसरी बाजू आहे. थोरात २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि त्याच काळात, २०१० च्या नियमावलीत, शिक्षकांच्या संशोधनाला गुण देणारी एपीआयची पद्धत आली. हेतू चांगला होता. परिणाम असा की पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत म्हटल्यावर निबंध छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली आणि २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली. या वातावरणात तालुक्याचा अधिव्याख्याता जे लिहितो त्याचा साचा ओळखीचा आहे : जनगणना, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन आणि आर्थिक पाहणी यांतले तक्ते, टक्केवारी, आणि शेवटी शासनाने लक्ष द्यावे अशी शिफारस.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, जिल्ह्याचा हिशेब सोडला तर मराठवाड्याच्या हातात मागणी करायला उरते काय? आक्षेपात दम आहे. विकास मंडळे गेल्यापासून तो हिशेब ठेवणारी वैधानिक जागाही उरली नाही आणि ती परत यावी असेच माझे मत आहे. पण मागणीपत्र आणि संशोधन ही दोन कामे आहेत. राज्याने स्वतः २०११ मध्ये मानव विकास कार्यक्रमाचे एकक बदलून २२ जिल्ह्यांतले १२५ तालुके निवडले आणि त्या कार्यक्रमाचे आयुक्तालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे. प्रशासनाला जिल्ह्याची सरासरी अपुरी वाटू लागली, तरी प्रबंधांची शीर्षके अजून जिल्ह्यावरच अडली आहेत.

दुसरा आक्षेप विद्वानांचा : एका तालुक्यावरून सिद्धान्त होत नाही. शिरापूर आणि कानझरा यांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. गाव लहान असल्याने प्रश्न लहान होत नाही. किती काळ आणि किती नेमकेपणाने पाहिले यावर ते ठरते. याच्याच जोडीने हल्ली असेही म्हणतात की, २०१९ चे नोबेल बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाल्यानंतर यादृच्छिक प्रयोग हीच विकासाच्या अर्थशास्त्राची खरी रीत झाली आणि बाकीचे नुसते वर्णन. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी या शिक्षण-मदतनीसांवर झालेला प्रयोग मोलाचा होता, यात शंका नाही. पण २०१५ चे नोबेल ज्यांना मिळाले त्या अँगस डीटन यांनीच बजावले आहे की, एका ठिकाणी काय चालले हे प्रयोग सांगतो, ते का चालले आणि दुसरीकडे चालेल का, हे त्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी त्या ठिकाणाची ओळख लागते. ती ओळख ज्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या वास्तव्याने आपसूक आलेली असते, तो माणूस तालुक्याच्या महाविद्यालयात हजेरी घेत असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. आठवड्याला सोळा तास शिकवायचे, नॅकची कागदपत्रे जमवायची, निवडणुकीची आणि परीक्षेची कामे करायची, शिवाय अनेक जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ज्यांना पुढच्या वर्षीची खात्री नाही. इक्रिसॅटने गावात पगारी अन्वेषक ठेवले होते; इथे प्रश्नावलीच्या झेरॉक्सचे पैसेही खिशातून जातात. म्हणून मोठी सर्वेक्षणे करा हा सल्ला फुकाचा ठरेल. मात्र खुलताबादच्या चिश्तिया किंवा कोहिनूर महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली मुले तालुक्याच्या बहुतेक गावांतून येतात. तीस घरांचा वर्षभराचा जमाखर्च त्या त्या घरच्या मुलानेच लिहायचा आणि असे दहा वर्षे चालवायचे, तर त्याला अनुदान लागत नाही, फक्त पदोन्नतीच्या हिशेबात त्याला गुण नाहीत. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’सारख्या नियतकालिकात अशा नोंदींना मराठीत जागा मिळू शकते आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्या वाचताही येतील.

आणि सामग्री तर अशी आहे की परगावच्या संशोधकाने हेवा करावा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. तोवर तालुक्यावरचा प्रत्येक तक्ता २०११ चा, म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलाच्या जन्माच्या आसपासचा. वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारशात आहेत, घृष्णेश्वरला वर्षभर आणि भद्रा मारुतीला श्रावणात गर्दी, खुलताबादला उरूस. या गर्दीतला किती रुपया तालुक्यात थांबतो आणि किती शहरातल्या हॉटेलांकडे परत जातो, दुकानाची जागा कोणाची आणि गाळ्यावर बसणारा कोण, हे कोणत्याही अनुशेषात मोजलेले नाही. याहून मला अद्रकाचा प्रश्न ओढून घेतो. या डोंगरपट्ट्यात कापूस-मक्याबरोबर अद्रक पिकते. २०२३ मध्ये त्याचे भाव कडाडले आणि पुढच्या हंगामांत घसरले. अद्रकाला एक सोय आहे : भाव पडला तर ते काढायचे नाही, पाणी असेल तर आणखी काही महिने जमिनीतच ठेवायचे. म्हणजे शेत हेच कोठार. पण उन्हाळ्यात विहिरीला पाणी कोणाच्या आहे, बियाण्याचे आणि खताचे देणे कोणाला थोपवता येते, घरात लग्न किंवा दवाखाना कोणाच्या आला, यावर कोण थांबतो आणि कोण पडत्या भावात खणून बाजारात नेतो ते ठरते. टाउनसेंड यांनी शिरापूरला विचारला तोच हा प्रश्न, फक्त पीक निराळे. एका गावातल्या अद्रकवाल्या घरांची यादी, प्रत्येकाने कोणत्या आठवड्यात किती क्विंटल काढले आणि त्या आठवड्याचा बाजार समितीतला भाव, एवढ्या तीन रकान्यांची वही त्यासाठी लागेल.